किडे तोडण्याचा समारंभ

किड्यांना नोंदणी क्रमांक नसतो, हे मला वन्यजीव कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीवर कळलं. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं मी या प्रश्नाचा विचार न करता काढली होती, आणि बरी काढली होती.

"खाद्य काय देता?" खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं.

"किडे. जिवंत. लाल, दोऱ्यासारखे असतात ते."

"कंपनी?"

"कोणाची?"

"किड्यांची."

"एकमेकांची," मी म्हणालो. गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. विनोद करणाऱ्या माणसाला आमच्या सरकारात एवढीच शिक्षा आहे, पण ती फार हळू भोगावी लागते.

प्रकार असा की माझ्या घरी आहोलोतेची, म्हणजे पाण्यातल्या एका पालीसारख्या प्राण्याची, अकरा पिल्लं होती. ती कशी आली हे सांगत बसत नाही. कायदेशीर आली होती, जन्मदाखल्यासकट. आहोलोते आमच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत पूर्वी टोपलीने सापडायचे. हल्ली कालव्यात कमी आणि पन्नास पेसोच्या नोटेवर जास्त दिसतात. त्यामुळे घरी पाळायचे तर परवाना लागतो, आणि परवान्याच्या फॉर्मवर 'खाद्य' नावाचा एक चौकोन असतो. त्या चौकोनात खाद्याच्या पाकिटावरचं लेबल कापून चिकटवायचं. किडे मी बाजारातल्या दोन्या चोनाकडून (वयस्क बाईला आमच्याकडे मानाने 'दोन्या' म्हणतात, पुरुषाला 'दोन') आणत होतो. ती ते मोठ्या चमच्याने मोजून प्लास्टिकच्या पिशवीत घालते आणि गाठ मारते. गाठीला चौकोनात चिकटवता येत नाही.

मी दोन्या चोनाकडे लेबल मागितलं. तिने मार्करने पिशवीवर लिहून दिलं: 'जिवंत. चांगले.' ते घेऊन मी परत चार नंबरला गेलो. गृहस्थांनी ते दोनदा वाचलं. सरकारी कागदावर इतकं खरं वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं, पण घेतलं नाही.

"चाळीस दिवस देतो," ते म्हणाले. "तेवढ्यात पिल्लांना लेबलवालं खाद्य खायला शिकवा. आमच्या निरीक्षक बाई घरी येतील, स्वतःच्या डोळ्यांनी बघतील, शिक्का मारतील. नाही खाल्लं, तर पिल्लं सरकारी टाकीत."

"सरकारी टाकीत त्यांना काय घालतात?"

"किडे," ते म्हणाले. "पण ते सरकारी असतात."

आता कोणी म्हणेल, गेली सरकारी टाकीत तर काय बिघडलं? मी पाणीपट्टी कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसतो. दिवसभरात साठ माणसं माझ्याकडे बघतात, पण ती खरं तर आपल्या कोरड्या नळाकडे बघत असतात. संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला की अकरा तोंडं एकदम काचेकडे वळतात. त्यांना मी मोठा किडा वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण ज्या इमारतीत चार वर्षं राहतो तिथे आपण कोणाला तरी काहीतरी वाटतो, हेही कमी नाही.

म्हणून मी दाणे आणले. पाकिटावर हसणाऱ्या कासवाचं चित्र होतं. दुकानदार म्हणाला, आहोलोतेंचं वेगळं येत नाही, आतला माल एकच. मी अकरा दाणे पाण्यात सोडले. ते बुडाले, तळाशी गेले आणि बसले. पिल्लंही बसली. बोटाएवढं अंग, चार पाय, मानेभोवती पिसांचा झुबका आणि तोंडावर जन्मजात हसू. त्या हसण्याचा अर्थ काढायचा नसतो. मी तो अर्धा तास काढत बसलो.

पाकिटामागे लिहिलं होतं: दोन दिवस उपाशी ठेवा, मग खातील. ठेवली. तिसऱ्या दिवशी खाल्लेलं दिसलं, पण दाणे तसेच होते. म्हणून मी पाय मोजले. अकरा चोक चव्वेचाळीस. भरले एकेचाळीस.

यात त्यांचा दोष नाही. आहोलोतेला जे हलतं तेच अन्न वाटतं. दाणा बसतो तो बसतोच; भावाचा पाय मात्र हलतो. पाय पुन्हा उगवतात, काही आठवड्यांत जसेच्या तसे. पण ज्या घरात जेवणावरून भावाचा पाय गेला त्या घराचं वातावरण काही जसंच्या तसं राहत नाही. निदान माझं राहिलं नाही.

तेव्हा दाणा हलवणं भाग होतं, आणि त्यासाठी लांब चिमटा हवा होता. माझ्याकडे एक छोटा चिमटा आहे. तो कशासाठी आहे हे विचारू नये. त्याने दाणा धरला की बोटं पाण्यात जात, आणि पिल्लं बोटाला लटकत. शेवटी मी जे चार वर्षांत केलं नव्हतं ते केलं. दोन मजले उतरून एक दार वाजवलं. दारावर पाटी होती: 'बाळ येशूची दुरुस्ती व वेशभूषा करून मिळेल.'

"कोण?" आतून आवाज आला.

"चौथ्या मजल्यावरचा."

"चौथ्यावर कोणी राहतं?"

दार उघडलं. दारात दोन्या ओब्दुलिया होती; तिचा जानेवारी म्हणजे लग्नसराई. दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, घरोघरचे मूर्तीतले बाळ येशू नवे कपडे घालून चर्चला जातात. तोवर ते सगळे हिच्याकडे. पलंगावर, टेबलावर, न्हाणीच्या टबात मिळून साठेक बाळं पडली होती. कोणाला हात नव्हता, कोणाला डोळा. मला घरच्यासारखं वाटलं.

"हां, तू तो इंजिनिअर," ती म्हणाली. मी इंजिनिअर नाही. पण आमच्याकडे टाय लावणाऱ्याला इंजिनिअर म्हणतात, आणि वाद घालायचा तर आधी टाय काढावा लागतो. "काय पाहिजे?"

तिच्या हातात वीतभर लांब चिमटा होता आणि चिमट्यात एक निळा काचेचा डोळा. मी म्हणालो, "तो. म्हणजे चिमटा. पिल्लांचे किडे तोडून त्यांना दाण्यावर आणायचं आहे."

"म्हणजे अंगावरचं दूध तोडतात तसंच की."

"साधारण."

"किती पिल्लं?"

"अकरा."

"आणि धर्मबाप कोण?"

धर्मबाप म्हणजे लेकराच्या विधीला उभा राहून जन्मभराची जबाबदारी घेणारा मानलेला बाप. मी हसलो. ती हसली नाही. साठ बाळंही हसली नाहीत.

"अरे, या इमारतीत पाण्याच्या पंपाला धर्मबाप आहे, दोन फिदेन्सियो," ती म्हणाली. "गच्चीवरच्या टाकीची धर्ममाय मी. पहिल्या मजल्यावरच्या पोरीच्या दातांच्या तारेलासुद्धा आहे एक. आणि तू अकरा जिवांचं अन्न तोडणार ते असंच? चोरासारखं? लाज नाही वाटत?"

"बघू," मी म्हणालो, आणि चिमटा घेऊन निघालो. 'बघू' म्हटलं की सभ्य माणूस विषय सोडतो. दोन्या ओब्दुलियाने विषय सोडला नाही, उलट संध्याकाळी तो घेऊन वर आली. सोबत दोन फिदेन्सियो होते. कालव्यावर चाळीस वर्षं नाव वल्हवलेला माणूस. खांदे दारात मावत नव्हते, म्हणून तिरके होऊन आत आले आणि काचेपाशी वाकून फार मायेनं बघत राहिले.

"माझी आजी यांचे तमाल करायची," ते म्हणाले. "मक्याच्या सालीत गुंडाळून, हिरवी मिरची घालून. हाडं अशी मऊ."

"दोन फिदेन्सियो, ही खायची नाहीत."

"मी कुठे खायची म्हटलं? मी आजीची आठवण काढली. आजीची आठवणही काढायची नाही का तुझ्या घरी?"

मग त्यांनी चिमटा घेतला, दाणा धरला, पाण्यात सोडला आणि मनगटाला असा काही झटका दिला की दाणा मागे बघत बघत पळाला. एका पिल्लाने तोंड उघडलं. 'गप्'. दाणा आत. मग दाणा बाहेर. मग थोडा विचार, आणि पुन्हा आत. दोन्या ओब्दुलियाने छातीवर क्रूस काढला.

मी चिमटा घेतला. अकरा तोंडं माझ्याकडे वळली आणि तशीच राहिली.

"तुझ्या हाताला कुठे जायचंच नाहीये, पोरा," दोन फिदेन्सियो म्हणाले. "किड्याला घाई असते. घरी कोणी वाट बघत असतं, काम अडलेलं असतं. तुझा दाणा बघ, नोकरी सुटल्यासारखा लोंबतोय."

मी हाताला घाई आणायचा प्रयत्न केला. कुठे जायचं ते आठवेना.

दिवसा मी कामावर असे, आणि पिल्लांना दोनदा भरवायचं असतं. "दुपारचं मी बघते," दोन्या ओब्दुलिया म्हणाली आणि मी द्यायच्या आत किल्ली माझ्या हातातून तिच्या एप्रनच्या खिशात गेली. दुसऱ्या दिवसापासून अकरा पिल्लांना अकरा घरांतून धर्मबाप मिळाले. ते दुपारी पाळीपाळीने यायचे ठरले होते; पाळी फार दिवस टिकली नाही, सगळे एकदमच येऊ लागले. मी सहाला परत यायचो तेव्हा जिन्यातच माझ्या घरातलं हसणं ऐकू यायचं. मी दार उघडलं की ते थांबायचं. "या, या, इंजिनिअर," कोणीतरी म्हणायचं आणि माझ्याच घरात मला खुर्ची द्यायचं. खुर्ची त्यांची असायची. पिल्लांची नावंही ठेवून झाली होती. एकाचं नाव पोंसियानो आहे हे मला त्याच्या धर्ममायेकडून कळलं, तेही मी त्याला चुकून दुसऱ्याच नावाने ओळखतो म्हणून ती रागावली तेव्हा. मी त्याला कुठल्याच नावाने ओळखत नव्हतो.

आणि पिल्लं खात होती. दोन्या ओब्दुलियाच्या हातून, दोन फिदेन्सियोंच्या हातून, दातांच्या तारेवालीच्या हातूनसुद्धा. गप्, गप्, गप्. माझ्या हातून मात्र नाही. मी चिमटा घेतला की अकराही जण अदबीने बघत. लग्नात दूरचा नातेवाईक भाषणाला उभा राहिला की जसे बघतात तसे.

हेही मी गिळलं असतं. पण एके दिवशी घरी आलो तर पाणी पिठूळ. कोणीतरी पोंसियानोला गोड पाव भरवला होता, कारण नुसत्या दाण्याने त्याचं मन मरतं. आणि टाकीभोवती लोकरीची शाल गुंडाळलेली, थंडी फार म्हणून. आत शेगडी लावलेली. आहोलोतेला गार पाणी लागतं, सोळा-सतरा अंश. पाणी पंचविसावर गेलं होतं आणि पिल्लं शेपट्या मुरडून वर तरंगत होती. मी शाल काढली, शेगडी विझवली, बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पाणी बदललं. आणि मग चिडलो.

माझं चिडणं कार्यालयातलं असतं. ते 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो' या वाक्याने सुरू होतं. त्यामुळे सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. पण शेवटी मी म्हणालो, "ती माझी आहेत. किल्ली द्या."

 दोन्या ओब्दुलियाने एप्रनच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"बरं, इंजिनिअर," ती म्हणाली. "चला रे."

सगळे आपापल्या खुर्च्या उचलून गेले. एक खुर्ची राहिली. मी तिच्यावर बसलो नाही.

पुढचे सहा दिवस पिल्लांनी माझ्या हातून एक दाणा घेतला नाही. किडे द्यावेत तर आतापर्यंतचं सगळं वाया. सातव्या दिवशी पायांची संख्या पुन्हा खाली आली. निरीक्षणाला आठ दिवस उरले होते. तारीखही नेमकी कांदेलारियाची. घर इतकं शांत होतं की पाणी गाळायचं यंत्र माझ्याशी बोलत असल्यासारखं वाटे. दोनदा मी त्याला उत्तर दिलं.

मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. "दोन्या ओब्दुलिया, चुकलं माझं. सगळ्यांना सांगा, रागावू नका म्हणावं."

ती एका बाळाला बूट घालत होती. "रागवायला कोण बसलंय? आणि रागवायचा हक्क तरी कुठे आहे आम्हाला? तू कुठे आम्हाला रीतीने विचारलं होतंस? आम्हीच घुसलो. न विचारता झालेला धर्मबाप म्हणजे नुसता शेजारी. शेजाऱ्याला बाहेर काढता येतं."

"रीतीने म्हणजे?"

तिने बूट खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. डोळा निखळलेल्या बाळाकडे बघावं तसं. "आई नाही का रे तुला? टोपलीत पाव, चॉकलेट, एक बाटली. प्रत्येकाच्या दारात जायचं. स्वतः. उभं राहून सांगायचं, माझ्या लेकराचे धर्मबाप व्हाल का. असा निरोप पाठवून नाही."

रविवारी मी टाय लावला, टोपली घेतली आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. अकरा दारं. पहिल्या दारात मी तोंड उघडायच्या आत दोन फिदेन्सियोंनी "बोल, बोल, ऐकतोय" म्हणत बाटली आधीच काढून घेतली. तिसऱ्या दारात धर्ममायेच्या नवऱ्याने, जो कधी वर आलाच नव्हता, मला मीटर तपासणारा समजून मीटर दाखवला. सहाव्या दारातल्या धर्मबापाच्या आजींना, ज्या कधी जिना चढल्या नव्हत्या, वाटत होतं की चौथा मजला म्हणजे अडगळीची खोली. प्रत्येक दारात मी तेच म्हणत होतो: "मी चौथ्या मजल्यावरचा एवारिस्तो. माझ्याकडे अकरा पिल्लं आहेत. त्यांचे किडे तोडायचे आहेत. तुम्ही याल का?" हे वाक्य मोठ्याने म्हणताना मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.  

शेवटचं दार दोन्या ओब्दुलियाचं. तिने पाव घेतला, टोपलीला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "अहो कोंपाद्रे, बाहेर का उभे? या ना, बसा."

आमच्यात ही गंमत आहे. ज्या घडीला कोणी तुमच्या लेकराचा धर्मबाप होतो, त्या घडीपासून तुम्ही दोघं एकमेकांचे कोंपाद्रे, आणि मग अरे-तुरे बंद. जन्मभर. सकाळपर्यंत 'अरे पोरा' होतो तो मी एका टोपलीत 'अहो' झालो. बसायला जागा नव्हती, सगळीकडे बाळं होती. मी उभाच राहिलो, पण मानाने.

कांदेलारियाला निरीक्षक बाई आल्या. नाव झुलेमा, पायात चिखलाचे बूट, काखेत फॉर्म लावलेली फळी. माझ्या बैठकीत तेव्हा एकतीस माणसं होती, सगळी सणाच्या कपड्यांत. टाकीला दोन्या ओब्दुलियाने पांढरी झालर शिवली होती. टेबलावर तमालांचं पातेलं. (या वर्षी कार्यालयात सहा जानेवारीला कापतात त्या राजांच्या केकमधली बाहुली पुन्हा माझ्याच तुकड्यात निघाली होती. ज्याला ती निघते त्याने कांदेलारियाला सगळ्यांना तमाल द्यायचे. चार वर्षं सलग मलाच निघते, आणि लोक तमाल आपापल्या टेबलावर नेऊन खातात. या वर्षी मी एक पातेलं कार्यालयात पाठवून रजा घेतली. तिकडून फोन आला. हिरवी चटणी कुठे आहे म्हणून.)

"हे काय आहे?" झुलेमाबाईंनी गर्दीकडे बघत विचारलं.

"नातेवाईक," दोन फिदेन्सियो म्हणाले.

"कोणाचे?"

त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं. बाईंनी ते लिहून घेतलं नाही. मग पाकीट हातात घेतलं. "हे कासवांचं खाद्य आहे."

"लेबल आहे," मी म्हणालो.

त्यांनी विचार केला. "लेबल आहे," त्या म्हणाल्या, आणि कापून चौकोनात चिकटवलं. "आता धारकाने स्वतः भरवायचं. बाकीच्यांनी बाहेर."

एकतीस माणसं जिन्यात गेली. दार लागलं. मी, बाई आणि अकरा. मी चिमट्यात दाणा धरला. बाहेर इतकी शांतता होती की एका धर्मबापाने आवंढा गिळलेला ऐकू आला. मग दोन्या ओब्दुलियाचं पुटपुटणं सुरू झालं. मला वाटलं, आता जर हे खाल्लं नाही तर टाकी तर जाईलच, पण हे सगळेही जातील. टाकीच नसेल तर कोण कशाला चार मजले चढेल? आणि माझा हात कापायला लागला. आवरेना. दाणा पाण्यात वेड्यासारखा धावत सुटला.

गप्.

तो पोंसियानो होता. मी त्याला ओळखलं. मग दुसरा, मग तिसरा. अकराही जणांनी घेतले. त्या गडबडीत एकाने शेजाऱ्याचा पायही घेतला. बाईंनी लिहिलं: 'भूक उत्तम.' आणि शिक्का मारला. बाहेर इतका जल्लोष झाला की पाणी हललं.

तमाल संपले, दोन फिदेन्सियोंनी आजीची आठवण पुन्हा एकदा काढली, आणि उठता उठता दोन्या ओब्दुलिया म्हणाली, "चिमटा राहू द्या तुमच्याकडेच. आता तुमच्या हातून खातात, कोंपाद्रे. आमचं काम झालं."

"अहो, पण अधूनमधून..."

"नको, नको. त्यांची सवय मोडेल."

सगळ्यांनी खुर्च्या उचलल्या. या वेळी एकही राहिली नाही.

परवाना मी काचेच्या चौकटीत लावला. पिल्लं गुटगुटीत झाली, पाय उगवले. जिन्यात कोणी भेटलं की "कसे आहात, कोंपाद्रे?" असं अगदी आदराने विचारत आणि पुढे जात. आदराचं हे असंच आहे. तो उभ्याउभ्या करता येतो. त्याला घरात यावं लागत नाही. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या संध्याकाळी मी पिल्लांना भरवलं. नेहमीचं संपलं, तरी भरवत राहिलो. गप्, गप्. पोटं लिंबाएवढी झाली तेव्हा थांबलो, शर्ट बदलला आणि दोन मजले उतरून दार वाजवलं.

"कोंपाद्रे! काय झालं?"

"खात नाहीत," मी म्हणालो. "सकाळपासून एक दाणा नाही."

तिने हातातला डोळा खाली ठेवला आणि माझ्यामागोमाग वर आली. वाकून टाकीत बघितलं. अकरा पिल्लं तळाशी पडली होती, पाय पसरून, जेवणावळ उठल्यावर पडतात तशी. पोटातले दाणे कातडीतून जवळजवळ मोजता येत होते. तिने त्या पोटांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नव्या शर्टाचं बटण बघत होतो.

तिने चिमटा घेतला, दाणा धरला आणि पोंसियानोच्या तोंडासमोर असा नाचवला की मेलेल्यानेही घेतला असता. पोंसियानोने तोंड फिरवलं. दुसऱ्याने डोळाही हलवला नाही. अकरापैकी एकानेही घेतला नाही. इतक्या दिवसांत पिल्लं पहिल्यांदाच माझ्या बाजूने उभी राहिली.

"खरंच की," दोन्या ओब्दुलिया म्हणाली. तिने खुर्ची ओढली, बसली आणि एप्रनला हात पुसले. "हे गंभीर दिसतंय, कोंपाद्रे. खाली जाऊन दोन फिदेन्सियोंना बोलवा. आणि येताना त्यांच्याकडची एक खुर्ची आणा."